मुंबईतील संगीत महोत्सव आणि मैफलींची सभागृहे

मुंबई शहरात होणारे संगीत महोत्सव, जाहीर मैफली आणि त्यांसाठी वापरली जाणारी सभागृहे, मैदाने व खुले रंगमंच यांचा आढावा या लेखात घेतला आहे. हिंदुस्थानी व कर्नाटक शास्त्रीय संगीत, नाट्यसंगीत, लोकसंगीत, पाश्चात्त्य अभिजात संगीत, जॅझ, रॉक आणि चित्रपटसंगीत असे परस्परांहून भिन्न प्रवाह मुंबईत एकाच वेळी जाहीररीत्या सादर होत आले आहेत. बंदर, गिरणी व व्यापार यांमुळे शहरात आलेल्या निरनिराळ्या समाजांनी आपापले संगीत सोबत आणले आणि त्यासाठी आपापल्या जागाही उभ्या केल्या. त्यामुळे मुंबईतील संगीतस्थळांचा इतिहास हा बऱ्याच अंशी शहरातील वस्त्यांचा, जमिनीच्या वापराचा आणि ध्वनीविषयक नियमांचाही इतिहास आहे.

इतिहास

एकोणिसावे शतक

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शास्त्रीय संगीताचे मुख्य आश्रयस्थान संस्थानिकांचे दरबार आणि धनिकांचे दिवाणखाने हे होते. मुंबईत राजदरबार नव्हता. येथे संगीताला आश्रय दिला तो व्यापारी, वकील, डॉक्टर आणि सुशिक्षित मध्यमवर्ग यांनी. १८७० मध्ये कैखुश्रू काबराजी यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली गायन उत्तेजक मंडळी ही पारशी समाजातील संगीतप्रेमींची संस्था या बदलाचे आरंभीचे उदाहरण होय. वाळकेश्वर येथे १८६० मध्ये जन्मलेले विष्णु नारायण भातखंडे यांचा या मंडळीशी निकटचा संबंध होता.

याच शतकाच्या अखेरीस उत्तर हिंदुस्थानातून आलेले छज्जू खाँ, नजीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे बंधू भेंडीबाजार परिसरात स्थायिक झाले. त्यांच्या गायकीला पुढे भेंडीबाजार घराणे असे नाव मिळाले. बहुतेक घराणी संस्थानांच्या वा गावांच्या नावाने ओळखली जातात. हे घराणे मात्र एका महानगरातील बाजारपेठेच्या नावाने ओळखले जाते.

गिरगाव आणि गायनशाळा

विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोर येथे स्थापलेल्या गांधर्व महाविद्यालयाचे कार्य १९०८ मध्ये मुंबईत सुरू केले. संगीताचे शिक्षण वर्गात देणे आणि गायन तिकीट लावून जाहीर सभागृहात सादर करणे या दोन्ही गोष्टींना त्यांच्या कार्यामुळे प्रतिष्ठा लाभली. मात्र संस्थेसाठी बांधलेली इमारत कर्जापायी १९२०च्या दशकात हातची गेली. संगीतासाठी स्वतःची वास्तू उभारणे आणि ती टिकवणे मुंबईत किती अवघड आहे, याचा तो पहिला मोठा अनुभव होता.

गिरगाव व ऑपेरा हाऊस परिसरात लक्ष्मीबाग, ट्रिनिटी क्लब यांसारख्या ठिकाणी मैफली होत. बी. आर. देवधर यांची गायनशाळाही याच भागात होती. देवधरांनी भरवलेल्या संगीत परिषदेत, १९३६ मध्ये जिना हॉल येथे, बालवयातील कुमार गंधर्वांचे गायन झाले आणि त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. १८९३ मध्ये गिरगावातील केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. पुढे गणेशोत्सवातील मैफली हा चाळकऱ्यांना थोर कलावंत विनामूल्य ऐकण्याचा मार्ग ठरला. रस्त्यावर वा वाडीच्या पटांगणात सतरंज्या अंथरून रात्रभर चालणाऱ्या या बैठकींनी श्रोत्यांच्या काही पिढ्या घडवल्या.

संगीत रंगभूमीचा मोठा प्रेक्षकवर्गही मुंबईतच होता. ८ जुलै १९२१ रोजी बालीवाला थिएटरमध्ये बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग केला. तो मराठी नाट्यसंगीताच्या इतिहासातील महत्त्वाचा प्रसंग मानला जातो.

गिरणगाव

परळ, लालबाग, नायगाव या कामगार वस्त्यांमध्ये भजनी मंडळे, शाहिरी, तमाशा आणि कोकणातून आलेले नमन व जाखडी यांचे स्वतंत्र विश्व होते. परळचे दामोदर नाट्यगृह आणि लालबागचे हनुमान थिएटर ही येथील प्रमुख ठिकाणे होती. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या लाल बावटा कलापथकाचे कार्यक्रम कामगार मैदाने व चाळींच्या पटांगणांत होत. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत या शाहिरीला मोठा श्रोतृवर्ग लाभला. १९८२च्या गिरणी संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, कामगार विखुरले आणि त्यांच्यावर अवलंबून असलेली ही स्थळेही ओस पडली.

पाश्चात्त्य संगीत आणि जॅझ

मेहली मेहता यांच्या सहभागाने १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा स्थापन झाला. त्यांचे पुत्र झुबिन मेहता यांचा जन्म १९३६ मध्ये मुंबईतच झाला. १९११ मध्ये बांधलेले सर कावसजी जहांगीर सभागृह हे त्या काळी सभा व संगीताचे एक मुख्य ठिकाण होते. या वास्तूत १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे.

१९३०च्या दशकात ताजमहाल हॉटेलमध्ये लिऑन ॲबी, टेडी वेदरफर्ड या आफ्रिकन-अमेरिकन वादकांचे संच जॅझ वाजवीत असत. त्यांच्यासोबत आणि त्यांच्यानंतर ही परंपरा चालवली ती मुख्यतः गोव्यातून आलेल्या वादकांनी. चिक चॉकलेट या नावाने ओळखले जाणारे आंतोनियो झेवियर व्हाझ आणि फ्रँक फर्नांड ही त्यांपैकी ठळक नावे होत. रात्री हॉटेलात जॅझ आणि दिवसा ध्वनिमुद्रणगृहात चित्रपटगीते असा या वादकांचा दिनक्रम असे. संगीत संयोजक अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात भारतीय रागांवर आधारित वाद्यवृंदाचा कार्यक्रम केला. त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे यांचा सहभाग होता. डेव्ह ब्रुबेक (१९५८) आणि ड्यूक एलिंग्टन (१९६३) या अमेरिकी जॅझ कलावंतांचे कार्यक्रमही मुंबईत झाले.

प्रमुख सभागृहे

रॉयल ऑपेरा हाऊस

चर्नी रोडजवळील या नाट्यगृहाचे उद्घाटन, बांधकाम पूर्ण होण्यापूर्वीच, १९११ मध्ये पाचव्या जॉर्ज बादशहांच्या हस्ते झाले. पुढे ते चित्रपटगृह म्हणून वापरले गेले. १९५२ पासून ते गोंडल संस्थानच्या राजघराण्याच्या मालकीचे आहे. १९९३ मध्ये बंद पडलेल्या या वास्तूचे जतनकार्य वास्तुरचनाकार आभा नारायण लांबा यांनी केले आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये ती पुन्हा खुली झाली. तेव्हापासून तेथे पाश्चात्त्य व भारतीय संगीताचे कार्यक्रम होतात.

षण्मुखानंद सभागृह

माटुंगा व शीव परिसरात स्थायिक झालेल्या दक्षिण भारतीय समाजाने १९५२ मध्ये श्री षण्मुखानंद ललित कला व संगीत सभा स्थापन केली. सभेचे सभागृह १९६३ मध्ये खुले झाले. १९९० मध्ये आगीत त्याची मोठी हानी झाली. त्यानंतर ते पुन्हा बांधण्यात आले. सुमारे २,७०० आसनांचे हे सभागृह कर्नाटक संगीताचे मुंबईतील मुख्य केंद्र असून मोठ्या हिंदुस्थानी मैफलींसाठीही ते वापरले जाते.

राष्ट्रीय संगीत व नाट्य केंद्र

इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘एनसीपीए’ या नावाने परिचित असलेली ही संस्था १९६९ मध्ये जे. आर. डी. टाटा आणि जमशेद भाभा यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. नरिमन पॉइंट येथे समुद्रात भर घालून मिळवलेल्या जमिनीवर तिचे संकुल आहे. येथील टाटा थिएटरचे उद्घाटन ११ ऑक्टोबर १९८० रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते झाले. त्याची रचना अमेरिकी वास्तुरचनाकार फिलिप जॉन्सन यांची, तर ध्वनिरचना सिरिल हॅरिस यांची आहे. सुमारे एक हजार आसने पंख्याच्या आकारात मांडलेली असल्याने श्रोता कलावंतापासून फार दूर जात नाही. भारतीय संगीतातील बारकावे ध्वनिक्षेपकाच्या मदतीशिवाय ऐकू यावेत, हा या रचनेमागील हेतू होता. पु. ल. देशपांडे हे या संस्थेचे मानद संचालक होते, तर संगीतशास्त्रज्ञ अशोक दा. रानडे यांनीही येथे कार्य केले.

संकुलातील जमशेद भाभा थिएटर १९९९ मध्ये खुले झाले. बांधकाम चालू असताना १९९७ मध्ये त्याला आग लागली होती. २००६ मध्ये स्थापन झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा येथील निवासी वाद्यवृंद आहे.

अन्य सभागृहे

प्रभादेवी येथील रवींद्र नाट्य मंदिर राज्य शासनाच्या पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमीच्या संकुलात आहे. दादरचे शिवाजी मंदिर, माटुंग्याचे यशवंत नाट्य मंदिर आणि विलेपार्ल्याचे दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह ही मूलतः नाट्यगृहे असली, तरी मराठी भावगीत, नाट्यसंगीत व वाद्यवृंदाचे कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर तेथेच होतात. सकाळ, दुपार व रात्र अशा प्रयोगांच्या ठरलेल्या सत्रांतूनच संगीताच्या कार्यक्रमांना तारीख मिळवावी लागते. दादर माटुंगा कल्चरल सेंटर, सांताक्रूझचे सबर्बन म्युझिक सर्कल यांसारख्या संस्थांनी लहान श्रोतृवर्गासमोर होणाऱ्या बैठकीची परंपरा जपली. वांद्रे-कुर्ला संकुलातील नीता मुकेश अंबानी सांस्कृतिक केंद्र मार्च २०२३ मध्ये खुले झाले. तेथील सर्वांत मोठ्या नाट्यगृहात सुमारे २,००० आसने आहेत.

रंगभवन आणि शांतता क्षेत्र

धोबी तलाव येथील रंगभवन हे राज्य शासनाच्या मालकीचे खुले नाट्यगृह होते. तेथे नाटके, शास्त्रीय मैफली, जॅझ आणि रॉक असे सर्व प्रकारचे कार्यक्रम होत. निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये सुरू झालेला ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव आणि १९८६ पासूनचा ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हे दोन्ही रंगभवनाशी जोडलेले आहेत. पहिल्या जॅझ यात्रेत सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स यांचा सहभाग होता. माफक भाडे, मध्यवर्ती जागा आणि चर्चगेट व छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या दोन्ही स्थानकांहून पायी येण्याची सोय यांमुळे महाविद्यालयीन तरुणांना तेथील कार्यक्रम परवडत.

केंद्र शासनाच्या ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्याभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र घोषित करण्याची तरतूद झाली. रंगभवनाच्या निकट महाविद्यालय आणि रुग्णालये आहेत. त्यामुळे २००३ पासून तेथील ध्वनिवर्धित कार्यक्रम बंद झाले आणि पुढे वास्तू वापराविना पडून राहिली.

या घटनेकडे दोन बाजूंनी पाहिले जाते. रुग्ण, वृद्ध व विद्यार्थी यांचा शांततेचा हक्क नागरिकांनी न्यायालयात मांडला होता आणि तो मान्य झाला. दाट वस्तीच्या शहरात ही मागणी रास्त होती. दुसरीकडे, बंद झालेल्या जागेच्या तोडीची दुसरी स्वस्त व मध्यवर्ती खुली जागा निर्माण झाली नाही. परिणामी नवोदित वाद्यवृंद आणि अल्प साधनांचे आयोजक यांची सर्वांत अधिक अडचण झाली.

वेळेची मर्यादा आणि रागसमय

वरील नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक वापरण्यास मनाई आहे. वर्षातील जास्तीत जास्त १५ दिवस, सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवांसाठी, राज्य शासन ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत शिथिल करू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ध्वनिप्रदूषणासंबंधी दिलेल्या निकालात रात्रीच्या या मर्यादेला बळकटी दिली. बंदिस्त सभागृहांना रात्रीची ही मनाई लागू होत नाही. निवासी भागात ध्वनीची कमाल पातळी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, तर शांतता क्षेत्रात अनुक्रमे ५० व ४० डेसिबल ठरवून दिलेली आहे.

या मर्यादेचा परिणाम हिंदुस्थानी संगीतावर विशेष झाला, कारण या पद्धतीत रागांचे गायन प्रहरांशी जोडलेले आहे. दरबारी कानडा, अडाणा, मालकंस हे राग उत्तररात्रीकडे झुकणाऱ्या वेळेचे, सोहनी व परज रात्रीच्या शेवटच्या प्रहराचे, तर ललत पहाटेचा मानला जातो. रात्रभराच्या मैफलीत हे राग आपापल्या वेळी ऐकायला मिळत. खुल्या जागेतील मैफल रात्री दहाला संपू लागल्यावर सायंकालीन व पूर्वरात्रीच्या रागांचीच पुनरावृत्ती होऊ लागली.

त्यावर आयोजकांनी मुख्यतः सकाळच्या मैफलींचा उपाय शोधला. पंचम निषाद या संस्थेची ‘प्रातःस्वर’ ही मालिका पु. ल. देशपांडे अकादमीच्या प्रांगणात भल्या सकाळी होते. दिवाळीच्या पहाटे होणाऱ्या ‘दिवाळी पहाट’ या मैफलींची प्रथा रुजवण्यात चतुरंग प्रतिष्ठानचा मोठा वाटा आहे. तबलावादक अल्लारखा यांच्या ३ फेब्रुवारी या स्मृतिदिनी, त्यांचे पुत्र झाकीर हुसेन यांच्या पुढाकाराने, षण्मुखानंद सभागृहात सकाळपासून रात्रीपर्यंत सत्रे होऊ लागली. त्यांत सकाळ व दुपारच्या रागांनाही स्थान मिळाले. झाकीर हुसेन यांचे १५ डिसेंबर २०२४ रोजी निधन झाले. मध्यरात्रीनंतरच्या रागांना मात्र असा पर्याय मिळालेला नाही. ते आता मुख्यतः ध्वनिमुद्रणांतून किंवा वेळेचा संकेत बाजूला ठेवून ऐकावे लागतात.

प्रमुख महोत्सव

शास्त्रीय व भक्तिसंगीत

सूर सिंगार संसद या संस्थेने स्वामी हरिदास संगीत संमेलन आणि तरुण कलावंतांसाठी ‘कल के कलाकार’ संमेलन भरवले. जगन्नाथबुवा पुरोहित ऊर्फ ‘गुणिदास’ यांच्या स्मरणार्थ त्यांचे शिष्य सी. आर. व्यास यांनी गुणिदास संगीत संमेलन सुरू केले. विलेपार्ले येथील हृदयेश महोत्सव उपनगरातील श्रोत्यांसाठी महत्त्वाचा आहे. बाणगंगा तलावाच्या काठी सुरू झालेला महोत्सव पुढे ‘मुंबई संस्कृती’ या नावाने हॉर्निमन सर्कलजवळील एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्यांवर होऊ लागला. पायऱ्या व स्तंभांची ही दर्शनी बाजू त्यात रंगमंचाचे काम करते. आषाढी एकादशीच्या सुमारास होणारा ‘बोलावा विठ्ठल’ हा अभंगगायनाचा कार्यक्रमही मुंबईतील श्रोत्यांच्या परिचयाचा आहे.

काळा घोडा कला महोत्सव

१९९९ मध्ये सुरू झालेला हा महोत्सव दरवर्षी साधारणतः फेब्रुवारीत, नऊ दिवस, फोर्ट परिसरातील काळा घोडा भागात होतो. संगीताखेरीज नृत्य, नाट्य, चित्रकला व साहित्य यांचाही त्यात समावेश असतो. प्रवेश विनामूल्य असतो.

नवरात्र व गणेशोत्सव

उपस्थितीच्या दृष्टीने पाहता शहरातील सर्वांत मोठे जिवंत संगीत सणांच्या काळातच होते. बोरिवली, गोरेगाव, मुलुंड, घाटकोपर येथील मैदानांवर नवरात्रात गरबा व दांडियाचे कार्यक्रम होतात. गणेशोत्सवाच्या मिरवणुकांत ढोल-ताशा पथके आणि बेंजो पार्ट्या वाजतात. पूर्वीच्या बैठकींची जागा मात्र बऱ्याच मंडळांत ध्वनिमुद्रित संगीताने घेतली आहे.

रॉक, ब्लूज आणि स्टेडियममधील कार्यक्रम

१ नोव्हेंबर १९९६ रोजी अंधेरी क्रीडा संकुलात मायकेल जॅक्सन यांचा कार्यक्रम झाला. रोलिंग स्टोन्स यांनी एप्रिल २००३ मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर कार्यक्रम केला. २०११ पासून वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्र ब्लूज महोत्सव भरू लागला. जानेवारी २०२३ मध्ये लोलापलूझा या अमेरिकी महोत्सवाची पहिली भारतीय आवृत्ती महालक्ष्मी रेसकोर्सवर झाली.

दरम्यान मोठ्या कार्यक्रमांचे केंद्र शहराबाहेर सरकले. नेरूळ येथील डी. वाय. पाटील स्टेडियमवर १५ डिसेंबर २०१९ रोजी यू-टू आणि १८, १९ व २१ जानेवारी २०२५ रोजी कोल्डप्ले यांचे कार्यक्रम झाले. कोल्डप्लेची तिकिटे सप्टेंबर २०२४ मध्ये अल्पावधीत संपली. ती अनेक पटींच्या किमतीला पुन्हा विकली जात असल्याच्या तक्रारींवरून तिकिटांच्या काळ्या बाजाराचा प्रश्न देशभर चर्चिला गेला.

लहान स्थळे

स्वतःची रचना सादर करणाऱ्या नव्या कलावंतांना दोन-तीनशे श्रोत्यांची जागा सर्वांत उपयोगी पडते. लोअर परळच्या मथुरादास मिल आवारात २००७ मध्ये सुरू झालेला ‘ब्लू फ्रॉग’ हा क्लब अशा जागांपैकी विशेष प्रसिद्ध होता. तो २०१६ मध्ये बंद झाला. बंद गिरण्यांच्या आवारांत उपाहारगृहे व क्लब उभे राहिल्याने गिरणगावात पुन्हा संगीत आले, परंतु त्याचा श्रोता बदलला होता. २९ डिसेंबर २०१७ रोजी कमला मिल आवारातील आगीत १४ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर अशा स्थळांच्या अग्निसुरक्षेची तपासणी कडक करण्यात आली. जुहूचे पृथ्वी थिएटर (१९७८) हे मुख्यतः नाटकांसाठी असले, तरी तेथेही लहान मैफली होतात.

परवाने व अर्थकारण

जाहीर कार्यक्रमासाठी पोलिसांचा परवाना, ध्वनिवर्धकाची परवानगी, अग्निशमन दलाचे ना-हरकत प्रमाणपत्र, मैदान असल्यास महानगरपालिकेची वा संबंधित प्राधिकरणाची संमती आणि स्वामित्वहक्क असलेल्या गीतांसाठी शुल्क अशी पूर्तता करावी लागते. लहान व मोठ्या आयोजकांना लागणाऱ्या परवानग्यांची संख्या जवळपास सारखीच असल्याने त्यांचा भार लहान आयोजकांवर अधिक पडतो. २०१७ मध्ये राज्याचा करमणूक कर वस्तू व सेवा करात विलीन झाला. त्या वेळच्या तरतुदींनुसार लोककला किंवा शास्त्रीय कला सादर करणाऱ्या कलावंताचे दीड लाख रुपयांपर्यंतचे मानधन करमुक्त ठेवण्यात आले.

शास्त्रीय मैफलींचा खर्च तिकीटविक्रीतून क्वचितच भरून निघतो. बँका, उद्योगसमूह व विश्वस्तनिधी यांच्या प्रायोजकत्वावर त्या चालतात. सभासदांच्या वर्गणीवर चालणारी संगीत मंडळे हा जुना पर्याय अजूनही टिकून आहे. त्यात कलावंताला मानधन कमी मिळत असले, तरी जाणकार आणि नियमित श्रोता लाभतो.

सद्यस्थिती

शहरात आज दोन हजार आसनांची नवी वातानुकूलित नाट्यगृहे आहेत आणि शहराच्या वेशीवर हजारो श्रोत्यांची स्टेडियमे आहेत. याउलट चाळीचे पटांगण, कामगार मैदान आणि रंगभवनासारखा स्वस्त खुला रंगमंच या मधल्या व तळच्या जागा कमी झाल्या आहेत. नवा कलावंत आणि नवा श्रोता यांची पहिली भेट बहुधा अशाच जागांत होत असे. ध्वनीची मर्यादा पाळूनही चालतील अशा, लोकल गाडीने पोहोचता येईल अशा आणि सामान्य तिकीटदरात परवडतील अशा जागांची उपलब्धता हा मुंबईच्या संगीतजीवनापुढील प्रमुख प्रश्न आहे.